दोन नर गिनीपिग एकत्र कसे नांदवावेत

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील कोपरखैरणे, बोनकोडे, घणसोली या गावांचा पट्टा एके काळी भातखाचरे, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत असे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईच्या आखणीसाठी येथील जमिनी संपादित झाल्या आणि खाचरांच्या जागी सेक्टर उभे राहिले. गावठाणातील घरांच्या परसात पूर्वी गाय, शेळी, कोंबडी यांना जागा असे. सेक्टरातील दोन-तीन खोल्यांच्या घरात गोठा नाही, खुराडेही नाही. जनावर पाळण्याची हौस मात्र अंगणाबरोबर नाहीशी होत नाही. मुलांच्या आग्रहामुळे अशा घरांत जे लहान प्राणी येऊ लागले आहेत, त्यांपैकी गिनीपिग हा एक होय. तो भुंकत नाही, चढून पळत नाही, गवत व भाजीपाला यांवर जगतो आणि नीट सांभाळल्यास पाच ते आठ वर्षे सोबत करतो.

हा प्राणी जोडीने पाळावा आणि पिल्लावळ वाढू नये म्हणून जोडी नर-मादीची घेऊ नये, हे दोन्ही सल्ले योग्य आहेत. त्यानुसार अनेक कुटुंबे दोन नर पिल्ले आणतात. पहिले काही आठवडे दोघे एकाच खोक्यात, एकमेकांना चिकटून झोपतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र गुरगुर सुरू होते, पाठलाग होतो आणि एखाद्या सकाळी एकाच्या पाठीवर चाव्याची खूण दिसते. नर एकत्र राहूच शकत नाहीत, असा निष्कर्ष मग घरात काढला जातो. एकाला कायमचे वेगळे ठेवले जाते, कोणाला तरी देऊन टाकले जाते, किंवा एखाद्या उद्यानात सोडून देण्याचा विचार होतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. दोन नरांचा कलह त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांना दिलेल्या जागेतून, भांड्यांच्या मांडणीतून आणि जोडी लावण्याच्या पद्धतीतून अधिक उद्भवतो. आणि या तिन्ही गोष्टी पाळणाऱ्याच्या हातातील आहेत.

प्राण्याची ओळख

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातील प्राणी. तेथील शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला मांसासाठी माणसाळविले आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. नावात डुकराचा उल्लेख असला तरी तो कृंतक वर्गातील, म्हणजे उंदीर-खारींच्या कुळगटातील प्राणी आहे.

मुंबईलाही तो नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. पुढे रोगाचा प्रसार कसा होतो हे शोधण्यासाठी परळच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी गिनीपिगांचा उपयोग केला. हीच प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. १९०५ साली काम सुरू करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने प्लेगग्रस्त घरांमध्ये गिनीपिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होत आणि त्यांतून रोगाची वाट उंदीर-पिसू-माणूस अशी असल्याचे सिद्ध होण्यास मोठी मदत झाली. खाडीपलीकडच्या चाळींत रोगाची परीक्षा करण्यासाठी नेला गेलेला हा प्राणी आज खाडीच्या अलीकडे घरातला सोबती झाला आहे. त्याच्या गरजांची माहिती घरोघर पोहोचणे म्हणूनच अगत्याचे आहे.

यांतील पहिली गरज सोबतीची होय. गिनीपिग कळपाने राहणारा प्राणी आहे. माणसाने कितीही लाड केले तरी रात्री शेजारी झोपणारा, त्याच्याच भाषेत शिट्टी घालणारा जोडीदार माणूस होऊ शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली अंमलात आलेल्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवण्यास मनाई आहे. तेव्हा नर भांडतात म्हणून एकाला कायमचे एकटे ठेवणे हा उपाय नसून दुसरे दुःख होय.

कलहाची कारणे

गिनीपिगाच्या रानटी नातेवाइकांमध्ये वयात आलेले नर एकमेकांना सहन करीत नाहीत. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहून पाळीव गिनीपिगाचा हा उग्रपणा पुष्कळ कमी झाला आहे. पण तो पूर्णपणे गेलेला नाही. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट झाक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, मोठ्या कळपात थोरल्या नरांच्या सहवासात वाढलेला नर पुढे अनोळखी नरांमध्ये गेला तरी फारसे न भांडता जुळवून घेतो. याउलट एकटा किंवा केवळ एका मादीबरोबर वाढलेला नर अनोळखी नर दिसताच लढावयास उभा राहतो. म्हणजे शांतपणे राहणे ही काही अंशी शिकण्याची गोष्ट आहे, आणि ते शिक्षण वयात येण्याच्या काळात थोरल्यांकडून मिळते.

दुसरे कारण जागेचे. हरणारा नर मागे सरतो, दूर जातो आणि तेथे वाद मिटतो, अशी निसर्गाची रीत आहे. दोन फुटांच्या पिंजऱ्यात मागे सरावयास जागाच नसते. तेव्हा हरलेला नर कोपऱ्यात अडकतो आणि जिंकलेल्याला वाद मिटल्याचे कळत नाही. तिसरे कारण खाद्याचे. अरुंद गव्हाणीवर दोन गोऱ्हे बांधले की शिंगाला शिंग लागणारच, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. एका वाटीवर दोन नर ठेवले असता तेच घडते. चौथे कारण मादीचा वास. त्याच खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात का होईना, मादी असली तर दोन नरांचे सख्य टिकणे कठीण होते.

जोडीची निवड

सर्वात आधी दोन्ही प्राणी खरोखरच नर आहेत याची खात्री करावी. लहान पिल्लांत नर-मादी ओळखण्यात विक्रेत्यांचीही चूक होते. पिल्लाला छातीखाली व मागील पायांखाली आधार देऊन धरावे आणि जननेंद्रियाच्या किंचित वर, पोटाच्या बाजूस बोटाने अगदी हलका दाब द्यावा. नर असल्यास शिश्न बाहेर येते. मादीत तसे होत नाही व तेथे दुफाट्यासारखी खाच दिसते. शंका राहिल्यास पशुवैद्यकास दाखवावे. ही तपासणी टाळू नये. कारण मादी वयाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, क्वचित त्याआधीही, गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे ५९ ते ७२ दिवसांचा असतो, एका वेळी बहुधा दोन ते चार पिल्ले होतात, आणि विल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. एका चुकीच्या जोडीपासून वर्षभरात घर कसे भरते, याचा हिशेब यावरून करता येईल. नर पिल्ले तीन आठवड्यांची झाली की त्यांना आईपासून व बहिणींपासून वेगळे करावे लागते, ते याच कारणाने.

जोडी लावताना पुढील क्रम लक्षात घ्यावा. शांत स्वभावाचा प्रौढ नर आणि नुकतेच दूध सुटलेले नर पिल्लू ही जोडी बहुधा उत्तम जमते. पिल्लू थोरल्याचा मोठेपणा मान्य करते आणि त्याच्याकडून वळण घेते. एकत्र वाढलेले दोन भाऊ ही दुसरी चांगली जोडी. मात्र वयात येताना त्यांच्यात कुरबुर होणार हे गृहीत धरावे. एकमेकांना अनोळखी असलेले दोन तरुण नर ही सर्वात अवघड जोडी. दोहोंपेक्षा अधिक नर एकत्र ठेवण्याचा मोह घरगुती पाळणाऱ्याने टाळावा. तिघांत दोघे एका बाजूस होतात आणि तिसऱ्याचे हाल होतात.

जागा आणि मांडणी

दुकानात मिळणारे बहुतेक पिंजरे एका प्राण्यासाठीही अपुरे असतात. दोन नरांसाठी किमान १० चौरस फूट, म्हणजे ५ फूट लांब व २ फूट रुंद अशी सलग सपाट जागा असावी. १२ चौरस फूट मिळाल्यास अधिक बरे. वर मजला चढवून हे माप भरून काढता येत नाही. गिनीपिग चढणारा नव्हे, जमिनीवर धावणारा प्राणी आहे आणि पाठलाग चुकविण्यासाठी त्याला लांबी लागते. लहान घरात इतकी जागा कोठून आणावी, हा प्रश्न रास्त आहे. जाळीच्या चौकटी जोडून भिंतीलगत किंवा पलंगाखाली लांबट आवार करता येते. त्याच्या कडा सव्वा फूट उंच असल्या तरी पुरतात. घरात किंवा आसपास मांजर असल्यास वरून जाळी अवश्य घालावी. एवढी जागा देणे शक्य नसेल, तर दोन नर आणण्याचा बेत पुढे ढकलावा.

आवारात प्रत्येक वस्तू दोन असावी : दोन वाट्या, दोन पाण्याच्या बाटल्या, गवताचे दोन ढीग, दोन आसरे. त्या एकमेकांपासून शक्य तितक्या दूर ठेवाव्यात. कारण शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांवर एकच नर पहारा करू शकतो. आसऱ्यासाठी पुठ्ठ्याचे खोके चालते, पण त्याला दोन दारे कापलेली असावीत. एकाच दाराच्या घरकुलात शिरलेल्या दुबळ्या नराला दुसऱ्याने दारात उभे राहून कोंडल्यास सुटकेचा मार्ग उरत नाही. पुष्कळ भांडणे केवळ हे दुसरे दार नसल्यामुळे होतात.

स्वच्छतेचेही एक तंत्र आहे. गिनीपिग वासाच्या खुणांनी आपली जागा ओळखतो. सर्व अंथरण एकदम काढून आवार धुऊन टाकल्यास त्या खुणा पुसल्या जातात आणि नर नव्याने हद्द आखू लागतात. म्हणून ओले अंथरण रोज काढावे. पण संपूर्ण सफाईच्या दिवशी जुन्यापैकी थोडे कोरडे अंथरण परत घालावे.

कोपरखैरण्याच्या हवामानात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गिनीपिगाला १८ ते २४ अंश सेल्सियस तापमान मानवते. एप्रिल-मे महिन्यांतील दमट उष्म्यात पश्चिमेकडील गॅलरीत, पत्र्याच्या छपराखाली त्याला ठेवणे जिवावर बेतू शकते. आवार घराच्या आत, फरशीवर, वारा खेळेल पण पंख्याचा झोत थेट येणार नाही अशा ठिकाणी असावे. ओलसर फडक्यात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली आवारात दोन ठिकाणी ठेवावी. जून ते सप्टेंबर या काळात अंथरण लवकर ओलावते व गवताला बुरशी धरते. तेव्हा गवत उंचावर, हवेशीर ठेवावे आणि कुबट वास आल्यास टाकून द्यावे.

ओळख करून देण्याची रीत

नवा नर आणल्यावर प्रथम दोन-तीन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे. खरूज, सर्दी किंवा अन्य रोग असल्यास तो या काळात कळून येतो. त्यानंतर काही दिवस दोन्ही आवारे शेजारी, मध्ये जाळी ठेवून मांडावीत आणि अंथरणाचे एखादे फडके एकाकडून दुसऱ्याकडे द्यावे, म्हणजे वासाची ओळख होते.

प्रत्यक्ष भेट तिसऱ्याच, दोघांनाही अपरिचित अशा जागेत करावी. सुट्टीचा दिवस निवडावा. कारण ही भेट काही तास डोळ्यांसमोर व्हावयास हवी. मोकळ्या फरशीवर चादर अंथरून मध्यभागी गवताचा मोठा ढीग व थोडी कोथिंबीर पसरावी. आसरे या वेळी ठेवू नयेत. दोघांना एकाच वेळी खाली सोडावे आणि मग हस्तक्षेप करू नये. हुंगणे, गुरगुरत डुलत चालणे, अंगावर चढणे, थोडासा पाठलाग हे सर्व होईल. थोरला कोण आणि धाकटा कोण, हे ठरविण्याची ती रीत आहे. ते ठरू दिल्याखेरीज शांतता येत नाही. दर वेळी मध्ये पडून दोघांना वेगळे करणारा पाळणारा तोच वाद रोज नव्याने सुरू करतो.

दोघे एकाच ढिगातून खाऊ लागले, अंग सैल सोडून बसले, की पूर्ण स्वच्छ केलेल्या आवारात दोघांना एकदमच सोडावे. एकाच्या जुन्या घरात दुसऱ्याला नेऊन सोडणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

कुरबुर आणि मारामारी यांतील भेद

डुलत चालणे, गुरगुरणे, हनुवटी वर करणे, अंगावर चढणे, जागेवरून उठविणे या गोष्टी नित्याच्या आहेत. त्यांकडे केवळ लक्ष ठेवावे. दात कटकट वाजविणे, मानेवरचे केस उभारणे, तोंड उघडून दात दाखविणे या धोक्याच्या सूचना आहेत. अशा वेळी गवताची मूठ मध्ये टाकून किंवा टाळी वाजवून लक्ष वळवावे. दोघे एकमेकांत गुंतून गोळा होऊन लोळू लागले किंवा रक्त आले, तर ताबडतोब वेगळे करावे. मात्र मध्ये उघडा हात घालू नये, कारण चावा खोल बसतो. जाड टॉवेल टाकावा किंवा पुठ्ठा मध्ये सरकवावा. जखम पशुवैद्यकास दाखवावी. वरून लहान दिसणारी जखम आत पिकू शकते.

सर्व कलह आवाज करून होत नाही. एक नर दुसऱ्याला वाटीजवळ येऊच देत नसेल, तर रक्त न सांडताही धाकटा खंगत जातो. हे ओळखण्याचे साधन म्हणजे स्वयंपाकघरातील वजनकाटा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोघांचे वजन करून वहीत लिहावे. प्रौढ नराचे वजन साधारणतः ९०० ते १,२०० ग्रॅम असते. एकाचे वजन स्थिर असताना दुसऱ्याचे सतत दोन-तीन आठवडे घटत असेल, तर मांडणीत दोष आहे किंवा प्राणी आजारी आहे, असे समजावे. मुलांना हे काम सोपविल्यास त्यांनाही नोंद ठेवण्याची शिस्त लागते.

वयात येण्याचा काळ

वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून साधारण एक वर्षापर्यंतचा काळ हा नरांच्या कसोटीचा असतो. बहुतेक जोड्या याच काळात मोडतात, आणि पाळणाऱ्याने धीर धरल्यास याच काळानंतर स्थिरावतात. या दिवसांत जागा वाढवून द्यावी. ती कमी मात्र करू नये. शिजविलेले अथवा गोड पदार्थ न देता गवत भरपूर द्यावे, म्हणजे दिवसाचा बराच वेळ चरण्यात जातो. एकाला पशुवैद्यकाकडे न्यावे लागल्यास दोघांनाही सोबत न्यावे; दवाखान्याचा वास लागून परतलेला साथीदार घरी राहिलेल्याला परका वाटू शकतो.

खस्सी केल्याने नरांचे भांडण थांबते, ही समजूत फारशी खरी नाही. खस्सीकरणाचा खरा उपयोग नराला मादीबरोबर ठेवता येण्यासाठी होतो, आणि शस्त्रक्रियेनंतरही सुमारे सहा आठवडे त्याला मादीपासून दूर ठेवावे लागते.

खाद्य

गिनीपिगाच्या आहाराचा मोठा भाग वाळलेले गवत हाच असावा. ते दिवसरात्र समोर हवे. भाताचा पेंढा हे गवत नव्हे. तो अंथरणासाठी ठीक, खाद्य म्हणून निकृष्ट. मारवेलसारखे वेळेवर कापून वाळविलेले हिरवट गवत उत्तम. लसूणघास पिल्लांना व गाभण मादीला द्यावा. प्रौढ नराला रोज दिल्यास त्यातील चुन्याच्या अधिक प्रमाणामुळे मूतखडा होण्याची भीती असते.

माणसाप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेतील होल्स्ट व फ्रॉलिक या संशोधकांनी १९०७ साली याच प्राण्यात स्कर्व्ही रोग निर्माण करून दाखविला आणि त्यातून क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट खुली झाली. सांधे दुखणारा, अशक्त नर चिडका होतो व मारही खातो. ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, आवळ्याची लहान फोड यांपैकी काही ना काही रोज द्यावे. वाशीचा घाऊक भाजीबाजार जवळ असल्याने कोपरखैरणेकरांना हे अवघड नाही. कांदा, लसूण, बटाटा, भात, पोळी, फरसाण देऊ नये. भाजी देताना दोघांना दोन ठिकाणी द्यावी.

मेळ न बसल्यास

सर्व काळजी घेऊनही काही जोड्या जमत नाहीत. रक्तपात पुन्हा पुन्हा होत असेल, तर हट्ट धरू नये. आवाराच्या मधोमध जाळी घालून दोघांना शेजारी ठेवावे. भांडण थांबते, पण वास, आवाज व सोबत टिकते. अनेक घरांत हीच व्यवस्था वर्षानुवर्षे चालते. दुसरा मार्ग म्हणजे एकाला खस्सी करून योग्य काळानंतर मादीची जोड देणे. लहान प्राण्यांना भूल देण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडूनच ही शस्त्रक्रिया करून घ्यावी.

नको झालेला नर उद्यानात, खाडीकाठी किंवा सोसायटीच्या झुडपांत सोडणे हा मार्ग मात्र कोणीही अवलंबू नये. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातून खाल्लेल्या या प्राण्याला कावळा, मांजर, कुत्रा यांच्यापासून पळता येत नाही. त्याचा अंत बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच होतो. भुकेने अथवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हाही आहे.

थोडक्यात

१. दोन्ही नर असल्याची खात्री करूनच जोडी आणावी. तिसरा नर आणू नये.
२. किमान १० चौरस फूट सलग जागा आणि प्रत्येक वस्तू दोन, एकमेकींपासून दूर.
३. आसऱ्याला दोन दारे.
४. खोलीत मादी नको.
५. पहिली भेट अपरिचित जागेत, भरपूर गवतावर, देखरेखीखाली.
६. गुरगुरीत मध्ये पडू नये. रक्त दिसताच वेगळे करावे, तेही टॉवेलने.
७. दर आठवड्यास वजन व नोंद.

ही सर्व व्यवस्था प्राणी घरी येण्यापूर्वीच करून ठेवावी. भांडण सुरू झाल्यावर जागा वाढविणे आणि तुटलेली जोडी पुन्हा सांधणे हे पहिल्या दिवशी दुसरी वाटी ठेवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. शेतकरी बैल आणण्याआधी गोठा शाकारतो. घरात गिनीपिग आणणाऱ्यानेही तोच क्रम पाळावा.